अण्णा, गेनबा-सोपानची वाट मोकळी झाली

अण्णा, आधी बातमी सांगतो, रडायचं मग बघू. गेनबा आणि सोपानचा दावा मिटला. कागद कोर्टात गेला, सह्या झाल्या, वाटेवरची तार निघाली आणि परवा मळणीचं मशीन त्या वाटेनं थेट भातापाशी उतरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तुमाला जाऊन आज महिना झाला. मी सकाळपासून तुमच्या दारात बसून होतो तर काकू बाहेर आल्या आणि म्हणल्या, काय सांगायचंय ते तुझ्या अण्णांना नीट लिहून सांग, असा पायरीवर बसून डोळे पुसू नकोस, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल मीच तुला बडवलं. म्हणून लिहितोय.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती, मागं कोण कोण, ते सगळं पेपरात आलंय. फोटो मात्र कुठला तरी दिलाय, त्यात तुमी पासपोर्टला घाबरल्यासारखे दिसता. आणि खाली छापलंय, 'मनमिळाऊ स्वभावाचे'. मी लई हसलो. मनमिळाऊ माणूस दोन भांडणाऱ्यांना एका बाकड्यावर बसवून दाराला बाहेरनं कडी घालतो व्हय? आणि वर स्वतः पेरू खात अंगणात फिरतो?

आपली ओळख कशी झाली ते तर तुमी कुणालाच सांगितलं न्हाई. मी सांगतो, आता मला कोण अडवणार. माझं झेरॉक्सचं दुकान भोरच्या कोर्टासमोर, तुमी कोर्टात पट्टेवाले. तारखेच्या दिवशी दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे तुमचं काम. नाव घेताना तुमचा आवाज विहिरीच्या तळातनं निघायचा आणि आडनावाला कौलावर जाऊन बसायचा. शाळेत असल्यापासून मास्तरांच्या, कंडक्टरच्या, नवरदेवाच्या मामाच्या नकला करणारा मी, मला असला आवाज म्हंजे आयतं जेवण. एका दुपारी गिऱ्हाईक न्हवतं. मी दुकानातनं हुबेहूब तुमच्यासारखी दोन नावं पुकारली. झाडाखाली भाकरी खात बसलेले दोन म्हातारे हातातला घास टाकून कोर्टाकडं पळाले.

तुमी आलात. मला वाटलं आता हा साहेबांपुढं उभा करणार. तुमी स्टुलावर बसलात, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, आणि म्हणलात की त्या दोघांतल्या एकाला साखरेचा आजार आहे, त्याचं जेवण अर्धं राहिलं. जा, त्याला पोटभर जेवायला घाल, मग इथं परत ये. मी गेलो, जेवायला घातलं, परत आलो. तुमी तसेच बसलेले. मग म्हणलात, "गळा चांगलाय तुझा. उगाच माणसं पळवण्यात घालवतोयस."

एवढंच. मला शिव्या खायची सवय होती, हे काय पचेना.

नोकरी संपल्यावर तुमी घरच्या पडवीत भांडणं मिटवायला बसायला लागलात आणि मला सोबत घेतलंत. गावात सगळे म्हणायचे, अण्णांना कायदा येतो. तुमाला कायदा येत न्हवता, अण्णा, तुमाला यष्टी यायची. सगळी नोकरी दारात उभं राहून तुमी एकच गोष्ट बघितली होती. एका गावचे दोन वादी-प्रतिवादी, गावाला यष्टी एकच. मग जो आधी स्टँडवर पोचेल तो खिडकीतनं रुमाल टाकून दुसऱ्याची पण जागा धरायचा. कोर्टात आले की दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून उभे. परत जाताना पुन्हा एका सीटवर. तुमी म्हणायचात, ह्यांचे दावे मिटतात. पण ज्यांनी मोटारसायकली घेतल्या ते आपापला साक्षीदार मागं बसवून यायला लागले, कापूरहोळला धाब्यावर थांबायला लागले, आणि धाब्यावर जो तो त्यांना हवा भरायला लागला. तसला माणूस भोरला पोचेपर्यंत टायरसारखा टणक. तो मग अपिलात पुण्यापर्यंत जातो.

म्हणून तुमचा पहिला नियम, पडवीत यायचं तर दोघांनी एकाच यष्टीनं यायचं. मी तुमाला किती चिडवलं त्यावरनं. म्हणायचो, अण्णा, आता पोरं गाडीवरनं शेजारच्या घरी चहाला जातात, तुमी कुठल्या जमान्यात आहात. तुमी म्हणायचात, गाडीवर माणूस एकटाच बोलतो.

दुसरा नियम, पडवीत आपली बाजू सांगायची न्हाई. समोरच्याची सांगायची. जोवर समोरचा 'व्हय, हेच म्हणणं हाय माझं' असं म्हणत न्हाई तोवर काकूंचा चहा चुलीवरनं उतरायचा न्हाई. ज्याला ते जमायचं न्हाई, त्याच्यासाठी मी. समोरच्याचं म्हणणं मी समोरच्याच्याच आवाजात सांगायचो, त्याच्या खाकरण्यासकट. ऐकणारा आधी भडकायचा, मग हसायचा, मग एकदम गप व्हायचा. तो गप झाला की तुमी माझ्याकडं बघून डोळा मिटायचात आणि आतून कपांचा आवाज यायचा.

आणि शेवटी कागद. ह्यावर तुमी कडक. मिटलं म्हणून नुसतं घरी पाठवायचं न्हाई. दोघांचे वकील बोलवायचे, काय ठरलं ते लिहायचं, सह्या करायच्या आणि तो तडजोडीचा कागद कोर्टात द्यायचा. भांडण बाहेर मिटवा पण कागद आत द्या, म्हणायचात. तोंडचं बोलणं बोलणाऱ्याबरोबर सरणावर जातं.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. मी म्हणायचो, तडजोड म्हंजे काय मजा न्हाई, कुणी जिंकत न्हाई, गुलाल न्हाई, फटाका न्हाई. तुमी चिडायचात. म्हणायचात, निकालात एक जण मान खाली घालून गावात जातो, आणि दुसऱ्याला रोज त्याच्याच दारावरनं जायचं असतं, तो कसला जिंकला. मी म्हणायचो, तरी पण अण्णा, थोडासा गुलाल. तुमी म्हणायचात, गप बस.

आता गेनबा आणि सोपान. तुमाला माहिती आहे, पण हा लेख दुसरे पण वाचतील म्हणून थोडक्यात. दोघं चुलतभाऊ, नसरापूरच्या पुढं वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांचं गाव. गेनबाचं भात खाली नदीकडंला, आणि तिकडं जायची वाट सोपानच्या बांधावरनं. एका वर्षी गेनबाच्या ट्रॅक्टरनं बांध फुटला, सोपानच्या खाचरातलं पाणी वाहून गेलं. सोपान बोलायला गेला तर गेनबा रागात म्हणला, बांध काय तुझ्या बापाचा हाय का. सोपानचे वडील त्याच वर्षी गेलेले. दुसऱ्या दिवशी सोपाननं वाटेवर तार ठोकली. गेनबानं दावा लावला. तेव्हापासून गेनबाची बायको हौसाबाई भाताचे भारे डोक्यावर घेऊन ओढ्याच्या लांबच्या वाटेनं खळ्यावर आणायची. सगळं भात. डोक्यावरनं. दरसाल.

भादव्यात तुमी दोघांना आणलंत. एका यष्टीनं, एका सीटवर. गेनबाच्या तोंडावरनं मागं वारं गेलेलं, एक बाजू ओढल्यासारखी झालेली, बोलणं सावकाश. तरी त्यानं सोपानची बाजू सांगितली, बापाचं बोललो ते चुकलं, इथपर्यंत सांगितली. सोपान खाली बघत होता. मग सोपानची पाळी. त्याला काय जमेना. म्हणला, मला त्येच्यासारखं बोलता येत न्हाई. तुमी माझ्याकडं मान हलवलीत.

मी सुरुवात चांगली केली होती, अण्णा. तुमी पण बघितलंत. हौसाबाईचे भारे, ओढ्यातली निसरडी धोंड, सगळं गेनबाच्या आवाजात आलं. सोपान ऐकत होता. तेवढ्यात सोबत आलेल्यांतला एक जण फिसकन हसला. आणि मला हसू ऐकू आलं की माझं काय होतं ते तुमाला माहिती आहे. कुत्र्याला हाड दिसल्यासारखं होतं. मी गेनबाचं तोंड केलं. वाकडं.

दोघं-तिघं हसले. गेनबा उठला. चप्पल पण नीट घातली न्हाई, गेला. तुमी त्याच्या मागं धावलात, आणि सोबत आलेले सगळे तुमच्या मागं.

हितपर्यंत तुमाला माहिती आहे. पुढचं तुमाला माहिती न्हाई. तेच सांगायला बसलोय.

तुमी बाहेर गेलात आणि सोपान उठून माझ्यासमोर आला. नाक वर ओढलं, शर्टाचा खिसा चापपला, त्याची सवय आहे बघा, आणि मला कानाखाली अशी लावली की मी तुमच्या धान्याच्या कणगीवर आपटलो. आणि म्हणला, "माझं भांडान त्येच्या वाटंशी हाय. माझ्या भावाच्या तोंडाला हसायचा हक तुला कुनी दिला रं?"

आणि मागच्या दारानं निघून गेला.

तुमी परत आलात तेव्हा गेनबा जीपमध्ये बसून गेलेला. तुमी विचारलंत, सोपान कुठाय. मी म्हणलो, गेला, तो काय ऐकायचा न्हाई. तुमी विचारलंत, काय म्हणला का. मी म्हणलो, न्हाई.

गाल लाल होता. मी म्हणलो, दाढ दुखतेय. तुमी मला लवंग दिलीत.

अण्णा, मी दुसऱ्यांची तोंडं करून खाणारा माणूस. मला मारलं, ते पण बरोबर मारलं, हे माझ्या तोंडातनं निघेना. तुमी मला रागावला असतात तर बहुतेक निघालं असतं. तुमी रागावला न्हाईत. तुमी फक्त चार-पाच वेळा म्हणलात, सोपानच्या मनात काय आहे ते कळायला पाहिजे होतं. एकदा तर कामथडीला भाताचं पेंढं भरलेला टेम्पो आडवा आला, आपण गाडीत अडकून बसलो, तुमी खिडकीबाहेर बघत तेच म्हणलात. मी त्या वेळी टेम्पोवाल्याची नक्कल केली. तुमी हसलात. मला हायसं वाटलं, किती नालायक.

मग दसरा झाला आणि चार दिवसांनी तुमी गेलात. काकू म्हणल्या, आदल्या दिवशी पण तेच काढलं होतं, ह्या साली पण त्या बाईला भारे वाहावे लागणार. सोपानचं मन दगडाचं आहे असं समजून तुमी गेलात, आणि तसं समजायला मी लावलं. ह्याला माफी कुणाकडं मागायची?

तेराव्याला दोघं आले. गेनबा भाच्याच्या गाडीवर, सोपान स्वतःच्या. मांडवाच्या दोन टोकांना बसले. पुढच्या आठवड्यात त्यांची तारीख होती, साक्षी सुरू होणार होत्या. एकदा साक्षीला उभं राहून एकमेकांबद्दल बोलले की संपलं. भात पिवळं होऊन उभं होतं. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. तिसऱ्यांदा उठलो ते गेनबाला हाताला धरून गोठ्याकडं नेलं.

तो माझ्याशी बोलायला तयार न्हवता. मी म्हणलो, बाबा, बोलू नका, नुसतं बघा. आणि मी सोपान केला. नाक ओढलं, खिसा चापपला, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरोखरची, आणि सोपानच्या आवाजात ते वाक्य म्हणलो. जसंच्या तसं.

गेनबा गव्हाणीला धरून उभा होता. म्हणला, "परत म्हन."

परत म्हणलो. मारून घेतलं पण परत. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी 'माझ्या भावाच्या' हितं आलो तर त्यानं हात वर करून थांबवलं. उपरण्यानं तोंड पुसलं. मग विचारलं की हे मी इतके दिवस पोटात ठेवलं का. मी म्हणलो, लाज वाटली. तो म्हणला, तुझ्या लाजंपायी म्या भाव मेला समजून बसलो.

आणि गेला तडक मांडवात, सोपानपुढं जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता एक तर गळ्यात पडतात न्हाई तर हाणामारी. गेनबा म्हणला, "कंच्या हातानं मारलीस त्येला?"

सोपान गोंधळला. उजवा हात दाखवला.

"तरीच. हलकी बसली," गेनबा म्हणला. "तू डावरा हायस."

सोपान जाग्यावरनं सरकला. गेनबा बसला. एवढंच झालं, अण्णा. कुणी रडलं न्हाई, कुणी पाया पडलं न्हाई. काकूंनी दोघांच्या पानात बुंदी वाढली आणि वाढताना माझ्याकडं बघितलं. जेवण झाल्यावर दोघांनी तुमच्या बाकड्यावर बसून बोलणं केलं. मी बाहेरनं कडी घालायला गेलो तर काकू म्हणल्या, राहू दे, आता गरज न्हाई. ठरलं असं, बांधाच्या कडेनं आठ फूट वाट, खालनं पाण्याला पाइप, आणि दर पावसाळ्याच्या आधी बांध दोघांनी मिळून बांधायचा. निघताना सोपाननं मोटारसायकल तुमच्या अंगणात लावून ठेवली आणि गेनबाबरोबर यष्टीला गेला. चार दिवस गाडी तिथंच होती. शेजारच्या कोंबडीनं सीटवर अंडं घातलं.

तारखेला मी दुकान बंद ठेवलं. तुमच्या जागी आता नवीन माणूस पुकारतो, बिचारा फार हळू पुकारतो. वकिलांनी कागद दिला. साहेबांनी दोघांना विचारलं, हे स्वखुशीनं का. गेनबाला बोलायला वेळ लागतो. सोपान त्याच्यासाठी बोलायला तोंड उघडत होता, उघडलं, आणि मिटलं. थांबला. सगळं कोर्ट थांबलं. गेनबा म्हणला, "व्हय. माझ्या खुशीनं. आन त्येच्या बी."

मी बाहेर येऊन झाडाखाली नाचलो. कोर्टाचं आवार आहे म्हणून थोडंच. आणि दुकानात शाईच्या डब्याशेजारी गुलालाची पुडी आणून ठेवली होती, ती फोडली. दोघांना लावला. वकिलांना लावला. तुमी असता तर गप बस म्हणला असता, पण तुमी न्हाई, म्हणून ह्या एका भांडणात मी जिंकलो. जिंकलोच, अण्णा. दोघं जिंकले, मी जिंकलो, तुमी जिंकलात, आणि कुणाला मान खाली घालून गावात जायला लागलं न्हाई. आता बोला.

परवा मी गावाला गेलो. सोपाननं स्वतः खांब उपटले. डाव्या हातानं. मळणीचं मशीन डुलत डुलत खाली गेलं तेव्हा पोरांनी असा गलका केला जसं काय विमानच उतरलं. मी लांब उभा होतो, गेनबाच्या समोर जायला अजून जरा कचरत होतो. त्यानंच बोलवलं. सगळ्यांपुढं म्हणला, कर माझी नक्कल. मी म्हणलो, न्हाई बाबा, ते मी सोडलं. म्हणला, "कर. त्या टायमाला चुकीच्या बाजूला वाकडं केलंतंस. माझं उजवीकडं हाय."

मी केलं. उजवीकडं. सगळ्यांत मोठ्यांदा गेनबा हसला, आणि त्याच्या पाठोपाठ सोपान.

पण अण्णा, तुमाला सांगायचं होतं ते हे न्हाई. तुमाला हौसाबाईचं सांगायचंय. सगळी माणसं मशीनकडं गेली तरी ती वाटेच्या तोंडाशीच उभी होती. भारा उचलायची चुंबळ सवयीनं डोक्यावर ठेवूनच आली होती. ती तिनं काढली, कमरेला खोचली आणि वाटेनं खाली गेली. भाताला हात लावला, वर आली. हातात काही न्हाई, डोक्यावर काही न्हाई. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. मी विचारलं, मावशी, काय राहिलं काय खाली?

"काय न्हाई," ती म्हणली. "बघती, किती जवळ हाय त्ये."

आणि तिसऱ्यांदा निघाली.